जॉर्ज टाउनचा चार क्वे त्याव: सियाम रोड की लोरोंग सेलामत?

मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये ‘चार क्वे त्याव’ हा पदार्थ कुठे खावा, यावर तिथले लोक तावातावाने भांडतात. चार क्वे त्याव म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळंबी, रक्तशिंपल्या, अंडं, चिनी सॉसेज आणि मुगाचे लांब मोड, सगळं धगधगत्या कढईत परतलेलं. दोन रस्त्यांवरच्या स्टॉलची नावं हमखास पुढे येतात.

सियाम रोडवर आजही कोळशाची शेगडी आहे. कोळशाची धग बटण फिरवून कमीजास्त होत नाही. ती पंख्याने, हाताने सांभाळावी लागते. म्हणून एका वेळी थोडंच परततात आणि रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. पण त्या धगीने नूडल्सना जो धुरकट खमंगपणा येतो, त्यासाठी उभं राहणं मला पूर्णपणे मान्य आहे. कोळंबी लहान असते, प्लेट साधी.

लोरोंग सेलामतचा थाट वेगळा. इथे कोळंबी मोठी, टपोरी आणि प्लेटही त्या मानाने महाग. कोळंबी हाच जीव की प्राण असेल तर बेलाशक इथे जा.

माझं मत मात्र सियाम रोडला. या पदार्थात कोळंबीपेक्षा नूडल महत्त्वाची, आणि नूडलची चव आगीवर ठरते.

दोन्हीकडे जाण्याआधी एक लक्षात घ्या: पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. चालत नसेल तर शहरात मुस्लिम विक्रेत्यांचे हलाल स्टॉल शोधा. शिंपल्या नको असतील तर ऑर्डर देतानाच सांगा. कढईत पडल्यावर फार उशीर झालेला असतो.