अमेरिकी मतदाराची पारख: एका मोफत माहितीसाठ्याचा परिचय

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदार पक्ष पाहून मत देतो की विचारसरणी पाहून, हे वर्गात शिकवताना मी ‘अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज’च्या संकेतस्थळावरील माहितीसाठा वापरतो. १९४८ साली सुरू झालेली ही पाहणी आज मिशिगन, स्टॅनफर्ड आदी विद्यापीठे मिळून चालवतात आणि नावनोंदणी केली की सारी आकडेवारी विनामूल्य उतरवून घेता येते.

या साठ्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे १९५२पासून विचारला जाणारा पक्षनिष्ठेचा प्रश्न. तुम्ही स्वतःला सर्वसाधारणपणे रिपब्लिकन मानता, डेमोक्रॅट मानता की स्वतंत्र, असे आधी विचारतात. पक्षाचे नाव घेणाऱ्याला निष्ठा पक्की आहे की जेमतेम, हे विचारतात, आणि ‘स्वतंत्र’ म्हणणाऱ्याला मग कोणता पक्ष त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, असा उपप्रश्न करतात. त्यातून पक्क्या डेमोक्रॅटपासून पक्क्या रिपब्लिकनपर्यंत सात पायऱ्या तयार होतात. माझे विद्यार्थी सुरुवातीला सर्व ‘स्वतंत्र’ मतदार एकाच रकान्यात टाकतात आणि केवढा मोठा वर्ग कुंपणावर बसला आहे, असे म्हणतात. उपप्रश्नाचे उत्तर जोडून तक्ता पुन्हा काढला की त्यातील बहुतेक जण एखाद्या पक्षाचे नियमित मतदारच निघतात. उरतो तो खरा स्वतंत्र मतदार थोडाच. (हाच प्रश्न महाराष्ट्रात विचारायचा झाला, तर ‘शिवसेना’ या उत्तरावर ‘कोणती?’ असा आणखी एक उपप्रश्न लागेल.)

वर्षांची तुलना तर फारच बोलकी आहे. १९७२ साली रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांनी ५०पैकी ४९ राज्ये जिंकली, तेव्हा स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मतदारांनी त्यांना मत दिले होते. २०२०मध्ये मात्र दोन्ही पक्षांच्या दर दहा समर्थकांपैकी नऊहून अधिक जण आपल्याच उमेदवारामागे उभे राहिले.

मतदार स्वतःला उदारमतवादी ते परंपरावादी यांत कुठे ठेवतो हे विचारणारी, १९७२पासूनची विचारसरणीची सात पायऱ्यांची पट्टी मला तितकी भरवशाची वाटत नाही. ‘याचा फारसा विचार केलेला नाही’ असे उत्तर देण्याची मुभा तीत आहे आणि अनेक जण ती घेतात, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. परंतु आरोग्यावर सरकारने अधिक खर्च करावा असे (उदारमतवादी मत) म्हणणारा आणि त्याच वेळी गर्भपाताला (परंपरावाद्यांप्रमाणे) विरोध करणारा मतदार बहुधा स्वतःला मधल्या पायरीवर ठेवतो, आणि खरोखरच मध्यममार्गी असलेलाही तिथेच बसतो. शिवाय वांशिक भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतील परंपरावादी डेमोक्रॅट मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले, त्यामुळे पक्ष आणि विचार आता इतके जुळले आहेत की मत नेमके कशामुळे पडले, हे केवळ या पट्टीवरून वेगळे काढणे अवघड जाते.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. मतदान केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण प्रत्यक्ष मतदानापेक्षा अधिक भरते, आणि नमुना साऱ्या मतदारांशी मिळताजुळता व्हावा म्हणून प्रत्येक उत्तराला द्यायचे भारांक (कमी-जास्त वजन) विसरले तर टक्केवारी चुकते. २०२०मध्ये निवडणुकीपूर्वी ८,२८० जणांच्या मुलाखती झाल्या, पण साथीमुळे त्या समोरासमोर न घेता ऑनलाइन, व्हिडिओद्वारे वा फोनवर घ्याव्या लागल्या. आधीच्या वर्षांशी तुलना करताना हा फरक विसरू नये. नवख्याने मूळ फाइल न उघडता आधी संकेतस्थळावरचे तयार तक्ते पाहावेत. निकालाचा अंदाज हवा असणाऱ्याच्या मात्र ही पाहणी उपयोगाची नाही, कारण मुलाखतींची दुसरी फेरी निवडणूक आटोपल्यावर होते आणि आकडे त्यानंतर काही महिन्यांनी हाती येतात.