फ्लॉमची फेरी: पैसे वसूल, पण एका दिवसात उरकू नका

नाशिकहून निघणाऱ्या युरोप टूरच्या माहितीपत्रकात नॉर्वेच्या दिवसांत नुसतं 'फियोर्ड क्रूझ' (कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतली बोटफेरी) लिहिलं असेल, तर पैसे भरण्याआधी विचारा: कुठून कुठपर्यंत? तिथला सोग्नेफियोर्ड २०५ किलोमीटर लांब आहे. दोन तासांच्या बोटीत दिसतो तो त्याचा आतला कोपरा. त्याच्या काठच्या फ्लॉम गावाहून निघून नॅरॉयफियोर्ड या फाट्यातून गुडवांगेनला जाणारी बोट असेल तर खुशाल हो म्हणा. हा फाटा सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर आहे आणि दोन्हीकडचे कडे थेट पाण्यातून वर गेलेत. बसायला वरचा उघडा डेक घ्या. वाऱ्यात छत्री टिकत नाही, रेनकोट हवा.

बर्गन शहरातून रेल्वेने फ्लॉमला येताना मिर्डाल स्टेशनला गाडी बदलायची. तिथून ८६६ मीटरवरून जवळपास समुद्रसपाटीपर्यंत, २० किलोमीटरांत उतार. आपल्या कसारा घाटात चढ ३७ ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर), तरी बहुतेक गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, जोडावे लागतात. इथे तो १८ ला १ आणि रूळ साधेच, दातेरी नाहीत. बोगदे २०, त्यामुळे सलग व्हिडिओ काढाल तर बराचसा काळाच येईल. उन्हाळ्यात शोसफॉसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटं थांबते, तेवढ्यात उतरून घ्या. फलाट लाकडी आणि तुषारांनी ओला असतो. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत.

बोटीतून गावांच्या जागा बघा. हिमनदीने दरी खरवडली, मागून समुद्र आत शिरला. काठाला सपाटी अशी उरलीच नाही. ओढ्या-नद्यांनी गाळ टाकला तिथे पसाभर जमीन, आणि तिथेच फ्लॉम, आउरलँड, उंद्रेदाल. उंद्रेदालला १९८८ पर्यंत रस्ता नव्हता, होडीनेच जायचं. तिथलं शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज घ्याच. चीज करताना निथळलेलं पाणी आटवून आटवून करतात. चव कुंद्याच्या वळणावर जाते, वर जरा खारट. पातळ काप करूनच खा, जाड तुकडा घशाशी बसतो.

खरी अडचण फ्लॉमची. उन्हाळ्यात मोठी क्रूझ जहाजं धक्क्याला लागली की एवढ्याशा गावात दुपारी जत्रा भरते. म्हणून एक मुक्काम आउरलँडला टाका आणि जहाजं गेल्यावर स्टेगास्टाइनला जा: पाण्यापासून ६५० मीटर उंच, डोंगरातून ३० मीटर पुढे काढलेला सज्जा. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी.