दहावीच्या विज्ञानाचं ऑनलाइन साहित्य: जुने व्हिडिओ कापावेत, मूडल लावावं, की दीक्षा आणि कागद?

कोरोनाच्या काळात तयार झालेले व्हिडिओ बहुतेक शाळांकडे अजून तसेच पडून आहेत. ते नव्याने मांडायचे तर उन्हाळ्याची सुटी हाच वेळ. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून आपल्याला चार दिवस जास्तच मिळतात. मी नागपुरात सेमी-इंग्रजीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. तीन वाटा करून पाहिल्या, त्यातलं काय कुणाला जमेल ते सांगतो.

सुरुवात मुलांच्या हातातल्या फोनपासून करा. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील हिंगण्याला एमआयडीसीत जातात. ती म्हणाली, "सर, बाबा आठ वाजता घरी येते, तेव्हा मोबाइल भेटते. त्यातही भाऊ मागते." म्हणजे रोजचा फार तर अर्धा तास, तोही उरलेल्या डेटावर. कोणतीही वाट निवडा, ती या अर्ध्या तासात बसली पाहिजे.

पहिली वाट, जुने तास कापून लहान करण्याची. खर्च जवळपास नाही, म्हणून सगळे इथूनच सुरू करतात. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला होता. त्यात विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकून पाहतात असं दिसलं. ते विद्यार्थी मोठे होते, आपली मुलं त्याहून लहान. पण नुसतं कापून भागत नाही. माझ्या ४० मिनिटांच्या तासाचे सात तुकडे केले, तर तिसऱ्या तुकड्यात मी फळ्यावरच्या ज्या आकृतीकडे बोट दाखवतो, ती दुसऱ्यात काढलेली होती. शिवाय फळ्यावरची अक्षरं फोनवर वाचता येत नाहीत. आवाज चांगला असेल तेवढेच तुकडे ठेवा, बाकी सोडून द्या.

दुसरी वाट मूडलची, म्हणजे धडे आणि चाचण्या ऑनलाइन मांडायच्या सॉफ्टवेअरची. ते मोफत आहे, पण सर्व्हरचं भाडं भरावं लागतं आणि ते अपडेट करणारं माणूस शाळेत हवं. ते असेल तर यासारखं दुसरं काही नाही. अ‍ॅपमध्ये धडा उतरवून ठेवता येतो आणि शिक्षकाने परवानगी देऊन ठेवली असेल तर चाचणीही नेटशिवाय सोडवता येते. गूगल फॉर्मला हे जमत नाही.

'भिंगे व त्यांचे उपयोग' हा धडा मी असाच केला. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू ठेवायच्या सहा जागा, म्हणून सहा लहान व्हिडिओ, प्रत्येक दोन मिनिटांच्या आतला. दोन किरण काढले की व्हिडिओ थांबतो आणि विचारतो: प्रतिमा कुठे पडेल? मुलाने वहीत किरण पुरे करायचे, मग उत्तर उघडायचं. हा थांबा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवला, तर वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. सेमीच्या मुलांसाठी प्रत्येक ठिकाणी 'अपवर्तन' आणि 'रिफ्रॅक्शन' हे दोन्ही शब्द शेजारी लिहा. पेपर इंग्रजीत असतो, पण समजून घेणं मराठीतूनच होतं.

तिसरी वाट तयार साहित्याची. दीक्षा हे सरकारी शालेय साहित्याचं अ‍ॅप २०१७ पासून आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, ते उतरवूनही ठेवता येतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या संकेतस्थळावरची अनेक सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, मराठीत आहेत. ती शाळेच्या संगणकावर उतरवली की नेट लागत नाही. उणीव एकच: आपल्या वर्गाचा नेमका घोळ कुठे होतो ते त्यांना ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक धड्यामागे एक पानभर प्रश्न स्वतः लिहा, झेरॉक्स काढा आणि वर्गात वाटा. फोन भावाच्या हातात असला तरी कागद मुलीपाशी राहतो.

तुमच्याकडे तांत्रिक माणूस नसेल तर तिसरीच वाट धरा, मूडलच्या नादी लागू नका. माणूस असेल तर दुसरी, पण या सुटीत सगळं पुस्तक करायला जाऊ नका. दोनच धडे घ्या: भिंगे आणि विद्युतधारेचे परिणाम. शाळा उघडली की पाच मुलांना त्यांच्याच घरच्या फोनवर ते सोडवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वह्या मागवा. जिथे किरण अर्धेच राहिलेले दिसतील, तो व्हिडिओ पुन्हा करा.