डिझेल गाडीचं ऑइल: टॉप-अपवर भागेल की बदलायलाच हवं?

दोन दिवसांनी लांब जायचंय आणि इंजिनातली ऑइल मोजायची दांडी काढली तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. अर्धा लिटर ओतून निघायचं, की गॅरेजला नेऊन सगळं बदलून घ्यायचं? हे नुसत्या पातळीवरून ठरत नाही. गाडी धुराच्या कुठल्या सरकारी नियमातली, म्हणजे जुन्या बीएस4 ची आहे की नव्या बीएस6 ची, आणि आत्ताचं ऑइल किती किलोमीटर चाललंय, हेही बघावं लागतं.

पण आधी पातळी नीट मोजा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन गरम करून बंद केलेलं हवं आणि ऑइल चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं द्यायला हवीत. दांडी काढून पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. दुसऱ्या वेळी दिसते तीच खरी पातळी.

ऑइल बदलायच्या मुदतीला अजून बराच अवकाश आहे आणि पातळी हळूहळू उतरलीय, तर टॉप-अप योग्य. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेलं डिझेल इंजिन थोडं ऑइल खातंच. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एका लिटरचं असतं, म्हणून पातळी मध्यावर असताना अख्खा डबा रिकामा केला तर ती वरच्या खुणेच्या पार जाईल. पाव लिटर ओता, थांबा, परत बघा. ग्रेड मात्र मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. रंगाला घाबरू नका. काजळीमुळे डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. ती काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

मुदत जवळ आली असेल तर टॉप-अपवर भागवून पैसे वाचवण्यात काही मिळत नाही. नवीन अर्धा लिटर आत गेलं तरी जुनी काजळी, आम्ल आणि झिजलेल्या धातूचा चुरा तिथेच राहतो, फिल्टरही जुनाच. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. टर्बोच्या खर्चापुढे पाच-सहा लिटर ऑइल आणि फिल्टर काहीच नाही. अशा वेळी मी तरी बदलूनच निघेन.

पातळी वाढलेली दिसली तर मात्र विषय वेगळा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 लागू झालं आणि बहुतेक डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आला. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल फवारते. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा आणि ट्रॅफिकमधला असेल, तर ही सफाई अर्धवट राहते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. दांडीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतं, वास डिझेलचा येतो. बघणाऱ्याला बरं वाटतं, पण पातळ झालेलं ऑइल बेरिंग सांभाळू शकत नाही. पातळी फारच वाढली तर ते इंजिनच्या हवेच्या वाटेत खेचलं जाऊन इंजिन स्वतःचंच ऑइल जाळू लागतं आणि चावी काढूनही थांबत नाही. इथे थोडं काढून टाकणं हा उपाय नव्हे. सगळं ऑइल बदला आणि अधूनमधून गाडी मोकळ्या हायवेवर सलग पळवा, म्हणजे सफाई पुरी होईल.

बीएस6 मालकांनी सुट्या बॅरलमधलं ऑइल टॉप-अपलाही घेऊ नये. मॅन्युअलमध्ये एसीईए सी2 किंवा सी3 (युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेचे ऑइलचे दर्जे) लिहिलं असेल तर ते कमी राखेचं ऑइल असतं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि काजळीसारखी जळून जात नाही. जुन्या बीएस3-बीएस4 गाडीला, डीपीएफ नसेल तर, मॅन्युअलप्रमाणे 15डब्ल्यू-40 ग्रेडचं ऑइल चालतं आणि स्वस्तही पडतं.

ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळलंय. गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

आणि चालत्या गाडीत डॅशबोर्डवर किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागला, तर तो पातळीचा नव्हे, ऑइलच्या दाबाचा इशारा आहे. जवळच्या गावापर्यंत रेटू नका. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि दांडी बघा. ऑइल कमी असेल तर भरा. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर टोइंगच बोलवा.