सोसायटीचा भोकांचा पाइप: दोन हंगाम वापरून

आमच्या शेतकरी सोसायटीने पर्यावरणपूरक भातशेतीसाठी सभासदांना जे उपकरण वाटलं, ते म्हणजे एक फूट लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप. खालच्या अर्ध्या भागाला चहूकडून भोकं. बस्स. सभेत तो टेबलावर ठेवल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "आणि यंत्र कुठंय?" हसणाऱ्यांत मीही होते.

पाइप निम्मा खाचरात ठोकायचा आणि आतला चिखल हाताने उपसायचा. वरून जमीन सुकलेली दिसली, तरी आत डोकावलं की खाली पाणी कुठवर आहे ते कळतं. ते जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेलं की मगच पंप लावायचा आणि ५ सेंटिमीटर उभं राहील इतकंच पाणी द्यायचं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ही पद्धत रुळवली. पाणी सतत तुंबलं की मातीत हवा शिरत नाही आणि मिथेन हा वातावरण तापवणारा वायू तयार करणारे सूक्ष्मजीव माजतात. अधूनमधून सुकू दिलं, तर हा वायू जवळपास निम्म्यावर येतो. मी मात्र पाइप घेतला तो पंपाचे पैसे वाचतील या आशेने, हे कबूल करते.

पहिला हंगाम फसला. लावणी झाल्या झाल्या पाणी तोडलं आणि तणाने खाचर भरलं. पहिले दोन-तीन आठवडे पाणी उभंच ठेवायचं असतं, हे सोसायटीच्या माहितीपत्रकात अगदी तळाशी, बारीक अक्षरात होतं! फुलोऱ्याच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक, तेव्हाही ताण द्यायचा नाही. ते तरी ठळक छापलं होतं. शिवाय माझा पाइप बांधालगतच्या उंचवट्यावर ठोकला गेला होता, त्यामुळे खाचरात पुरेसं पाणी असतानाही तो कोरडाच दाखवायचा.

दुसरी तक्रार भोकांची. चिकण मातीत ती बुजतात, मग आतलं पाणी बाहेरच्याशी जुळत नाही. मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळला. हे द्यायच्या आधीच करायला काय हरकत होती?

पण खरी गंमत पाइपात नाहीच. पंप सोसायटीचा, आणि पैसे आधी क्षेत्रावर लागायचे. पाणी वाचवलं काय नि सोडून दिलं काय, आकार तोच. मग कोण कशाला पाइपात डोकावेल? पहिल्या वर्षी निम्मे पाइप गोठ्यात पडून होते. यंदा आकारणी पंप चालल्याच्या तासांवर केली आणि लोक सकाळी मोजपट्टी घेऊन खाचरात दिसायला लागले. माझ्या दर हंगामाच्या पाणी द्यायच्या पाळ्यांतल्या चार कमी झाल्या. भाताचा उतारा होता तेवढाच राहिला, वाढला नाही. वाढेल असं सभेत सांगणाऱ्यांनी उगाच सांगितलं.

युरिया मात्र सुकलेल्या जमिनीवर, पाणी सोडण्याच्या अगदी आधी टाका. ओलं-सुकं करताना नायट्रस ऑक्साइड, म्हणजे खतातल्या नत्रापासून होणारा आणि मिथेनसारखाच वातावरण तापवणारा वायू, थोडा वाढू शकतो, म्हणून खताचा हात आखडताच बरा.

आता मोजमापाची वही सगळ्यांची एकत्र ठेवायची असं ठरलंय, कारण कार्बनचा मोबदला, म्हणजे असे वायू कमी सोडल्याबद्दलचे पैसे, मागायचा तर एकट्या खाचराची पडताळणीच महाग पडते. वही माझ्याकडे आली आहे. तिघांच्या नोंदी रोज हुबेहूब सारख्या येतात, म्हणून परवा त्यांच्या पाइपात मीच डोकावून आले. एकात बेडूक होता, पाणी नव्हतं.