एमएचगॅप मार्गदर्शिका: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवताना आलेला अनुभव

मी नर्सिंग कॉलेजात मानसिक आरोग्य हा विषय शिकवते. पाठ्यपुस्तकातलं मुलांवरचं प्रकरण व्याख्या आणि लक्षणांच्या याद्यांतच संपतं. पोस्टिंगला गेलेल्या विद्यार्थिनीसमोर आठवीतली मुलगी बसते, "पोटात दुखतं, कसंतरी होतं" म्हणते. पुढे काय विचारायचं ते त्यात सापडत नाही. एमएचगॅप म्हणजे मानसिक आरोग्य सेवेतली दरी भरून काढायचा जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम; त्याची मार्गदर्शिका (दुसरी आवृत्ती, २०१६) तिथे खरोखर कामाला येते. ती इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येते.

ती मानसोपचारतज्ज्ञांसाठी नाही, साध्या ओपीडीतल्या डॉक्टर आणि नर्ससाठी आहे, आणि मला हेच महत्त्वाचं वाटतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. यातली बहुतेक मुलं मनोरुग्णालयाची पायरी चढत नाहीत. ती डोकेदुखी, पोटदुखी घेऊन पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) येतात. कारण न सापडणारं असं दुखणं भावनिक त्रासाचं असू शकतं, हे मार्गदर्शिका स्पष्ट सांगते आणि घर, शाळा, मारहाण, छळ यांची चौकशी करायला लावते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती एक छोटी सूचना: किशोरवयीन मुलांना पालकांशिवाय एकट्यानं बोलायची संधी नेहमी द्या. वाचायला सोपं, करायला महाकठीण. आम्ही वर्गात प्रसंग उभा करतो. एक जण आई, एक मुलगी, एक नर्स. मुलीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आईच देते आणि वीस वर्षांच्या नर्सला तिला थांबवणं जमत नाही. म्हणून वाक्यच घोटून घेते: "काकू, या वयाच्या सगळ्यांशीच मी थोडा वेळ एकटीनं बोलते. तुम्ही बाहेर बाकावर बसा, मग आपण तिघी बोलू." आत्महत्येच्या विचारांबद्दलही तसंच. विचारल्यानं कुणी स्वतःला इजा करायला प्रवृत्त होत नाही, हे मार्गदर्शिकेत ठामपणे लिहिलंय. तरी "जीव द्यावासा वाटतो का?" हे पहिल्यांदा मोठ्यानं म्हणताना मुलींचा आवाज बसतो. वर्गात बसलेला बरा.

उणिवाही आहेत. ही साऱ्या जगासाठी लिहिलेली असल्यानं आपला कायदा तिच्यात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. त्यामुळे "कुणालाही सांगणार नाही" असं वचन द्यायचंच नाही, हे आधी शिकवा. दहावी-बारावीचा धसका, शाळा सोडवून लग्नाची घाई हेही आपणच जोडायचं. आणि शिकणारी मुलगी स्वतः नुकतीच त्या वयातून बाहेर पडलेली असते. ऐकलेलं तिच्याही आत उतरतं. प्रत्येक सरावानंतर मी अर्धा तास फक्त त्यांच्यासाठी ठेवते. इतर शिक्षकांनीही ठेवावा.

मार्गदर्शिका मोबाइलवर उघडू देऊ नका, नजर मुलाऐवजी स्क्रीनवर जाते. मुलांचं आणि आत्महत्येचं अशी दोन्ही प्रकरणं छापून फाइलला लावा. पहिल्या पानावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतूनही बोलता येतं.