सांगलीच्या माडीवर मिलानच्या खुर्च्या: वर्षभर बसून पाहिल्यावर

पोस्टमॉडर्न खुर्च्यांबद्दल, म्हणजे ऐंशीच्या सुमाराच्या, साधेपणाचे नियम मोडून रंग-आकारांशी खेळणाऱ्या खुर्च्यांबद्दल, जे वाचायला मिळतं ते बहुतेक बघणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, बसणाऱ्यांनी नाही. लिलावाच्या कॅटलॉगात डिझायनर, साल, रंग सगळं सापडतं. जेवणानंतर तासभर टेकलं तर पाठ धरते का, एप्रिलात घाम येतो का, हे कुणी सांगत नाही. माझ्याकडे हातवाल्या तीन खुर्च्या आहेत: मारिओ बोटाची ‘सेकोंदा’, तोशियुकी किताची ‘विंक’ आणि मिकेले दे लुक्कीची ‘फर्स्ट’. तिन्हींची डिझाइनं १९८० ते १९८३ मधली, तिन्ही इटलीत बनलेल्या, तिन्ही सेकंडहँड. वर्ष होत आलं. उन्हाळा, पावसाळा दोन्ही बघून झाले.

आधी निकाल सांगून टाकतो. नाव, रंग, आकार नंतर बघा. खुर्चीच्या आत काय भरलंय ते आधी बघा. धातू आणि लाकूड आपल्याकडे टिकतं, बिघडलं तर सांगली-कुपवाडात दुरुस्त होतं. जुना फोम टिकत नाही, आणि बहुतेक विक्रेते त्याबद्दल तोंड उघडत नाहीत.

माझा कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंगचा लहानसा धंदा आहे, म्हणून लोखंडाकडे माझं जरा जास्त लक्ष जातं, हे गृहीत धरून पुढचं वाचा. राहायला गावभागात, म्हणजे कृष्णेकाठच्या जुन्या सांगलीत. गावभागातल्या माणसाला फर्निचर घेताना एक प्रश्न जादाचा पडतो: पाणी आलं तर दोघांनी धरून जिन्यानं वर नेता येईल का? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्याही वर गेलं होतं. त्यामुळे आमच्या या तिन्ही बायका पहिल्या दिवसापासून माडीवरच नांदतात.

सेकोंदापासून सुरू करतो, कारण मी रोज बसतो ती हीच. बोटा हा स्वित्झर्लंडच्या इटालियन भागातला आर्किटेक्ट. सॅन फ्रान्सिस्कोचं मॉडर्न आर्ट म्युझियम, १९९५ मध्ये उघडलेलं, त्याचंच. ही खुर्ची त्यानं १९८२ मध्ये आलिआस कंपनीसाठी केली. स्टीलच्या नळीची चौकट, बारीक भोकांच्या पत्र्याची बैठक, आणि पाठीला काळ्या फोमचे दोन आडवे रोल, जे स्वतःभोवती फिरतात. बस, एवढंच. फोटोत बघितली तर वाटतं पोलीस चौकीत गुन्हेगाराला बसवायला केलीय. आमच्या अण्णांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, “गादी मागनं येणार आहे का?”

गादी येत नाही आणि लागतही नाही. पत्रा अगदी सपाट नाही, बसल्यावर किंचित दबतो, आणि पाठीचे रोल कंबरेच्या वर नेमक्या जागी येतात. मागेपुढे सरकलं की रोल फिरतात, शर्ट ओढला जात नाही. बिलं करायला, फोनवर बोलायला, पेपर वाचायला दोन-दोन तास बसतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तर हिला तोड नाही, कारण भोकांतून हवा खेळते. रेक्झिनच्या सोफ्यावरून उठताना जो चर्रर्र आवाज होतो तो प्रकार नाही. लुंगीवर बसलात तर उठल्यावर मांडीवर ठिपक्यांची रांगोळी उमटलेली असते, तेवढं सोसावं लागतं. आणि डिसेंबरात सकाळी लवकर बसू नका, पत्रा बर्फ असतो.

माझ्या नगाची चौकट पुढच्या पायांपाशी घासून उघडी पडली होती, भोकांच्या कडांना गंज धरलेला. भट्टी घरचीच असल्यामुळे सगळ्यांनी एकच सल्ला दिला: सोलून नवा कोट मार. मारला नाही. एक तर मूळ फिनिश गेलं की जाणकार गिऱ्हाईक भाव पाडतं. दुसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो. एवढ्या बारीक भोकांच्या कडा त्यानं गोल होतात, आणि नळीला पत्रा मिळतो त्या कोपऱ्यात विद्युतभारामुळे पावडर आत शिरतच नाही, तिथं कोट पातळ राहतो. गंज हातानं घासून काढला, वरून मेण दिलं. जुलै-ऑगस्ट कोरडा गेला.

दुखणं रोलचं. ते फोमचेच आहेत, आणि वरच्या रोलची साल सुटायला लागली होती. पांढरा शर्ट घालून बसलं की पाठीवर काळी चुरी. कुपवाडातच प्रेसचे रबर रोलर चढवून देणारा एक कारखानदार आहे, त्याच्याकडे घेऊन गेलो. रबर नको म्हणालो, वजन वाढेल. त्यानं ईव्हीएचा, म्हणजे चपलेच्या तळव्याला असतो तसल्या हलक्या फोमचा, ठोकळा घेतला, मधून पाइप घातला आणि ग्राइंडिंगवर फिरवून मूळ व्यासाचा रोल काढून दिला. हाताला जुन्यापेक्षा थोडा कडक लागतो, पण शेजारी शेजारी ठेवले तर कोणता नवा ते मलाही बघावं लागतं. जुना रोल बटर पेपरात गुंडाळून खोक्यात ठेवलाय. संग्रह करायचा असेल तर काढलेली कुठलीही वस्तू फेकू नका. पुढं विकताना तीच मूळपणाचा पुरावा असते.

आता विंक. किता मूळचा ओसाकाचा, आणि ही खुर्ची १९८० मध्ये कासिना कंपनीनं बाजारात आणली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या कायमच्या संग्रहात आहे. काही शुद्धतावादी हिला पोस्टमॉडर्न म्हणायला तयार नसतात. डोक्याला दोन मोठे कान, वेगवेगळ्या रंगांच्या खोळी, आणि बसायची तऱ्हाही ठरलेली नाही: पाय दुमडलेले असले की खुर्ची, पुढं उलगडले की जवळजवळ दोन मीटरची आरामगादी. एवढं खेळकर काम पोस्टमॉडर्न नसेल तर मग कुठलं आहे, मला कळत नाही. कान सुटेसुटे वाकतात. एक पुढं, एक मागं केला की डोळा मारल्यासारखं दिसतं. बाजूच्या गोल मुठी फिरवून पाठ हवी तेवढी कलते.

आराम म्हणाल तर तिघींत हीच राणी. दुपारी जेवून हिच्यात गेलेला माणूस चहाशिवाय बाहेर येत नाही. आमच्या घरात हिच्यावरून रविवारी भांडणं होतात. बैठक मात्र बरीच खाली आहे. मांडी घालून वाढलेल्या माणसाला ती सवयीची वाटते, पण गुडघे गेलेल्यांना उठणं जड जातं. अण्णांना हात देऊन उठवावं लागतं, आणि हाताचा टेकू द्यायला हिचे हात मऊ पडतात. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर हा विचार करून घ्या.

फोमची गोष्ट मी हिच्यामुळेच एवढ्या जोरात सांगतोय. मुंबईच्या एका दलालाकडून घेतली, “आतलं सगळं कंपनीचं, एकदम टकाटक” असं फोनवर तीन-तीनदा सांगून. कंपनीचं होतं हे खरं, पण टकाटक नव्हतं. खुर्ची माडीवर चढवली, बैठकीच्या खोळीची चेन उघडली आणि गुळाच्या रंगाची भुकटी फरशीवर सांडली. हात घातला तर बोटांना ओलसर, चिकट. पॉलियुरेथेन फोमचं असं होतंच: एका जातीच्या फोममधली रेणूंची साखळी हवेतल्या दमटपणानं तुटते, दुसऱ्या जातीचा उजेडानं आणि हवेनं ठिसूळ होतो. चाळीस वर्षांचा फोम कुठल्याच हवेत तरुण राहत नाही, आणि ही खुर्ची त्यातली बरीच वर्षं समुद्राकाठच्या फ्लॅटमध्ये होती.

विश्रामबागेतल्या ओळखीच्या कुशनवाल्याला बोलावलं. त्यानं आत डोकावून बघितलं. “साहेब, ह्यात राहिलंय काय? समदी पिठी झालीया.” मग तोच आतल्या लोखंडी सांगाड्याकडे बघत बसला. “पण गडी हुशार होता ओ, बिजागरी बघा कुठं लपवलीय.” बैठकीला ४० डेन्सिटीचा, पाठीला त्याहून हलका फोम कापून, वर पॉलिफिलचा थर देऊन त्यानं जुन्या खोळींच्या मापात बसवलं. कानांना त्याचे दोन दिवस गेले, कारण ते वाकवले की आतला फोम गोळा व्हायचा. शेवटी मधे कापडाची पट्टी शिवून धरून ठेवला. खोळी मूळच्याच, ड्रायक्लीन केलेल्या. आता माझी विंक कागदोपत्री ‘मूळ स्थितीत’ नाही. मला त्याचं सोयरसुतक नाही. मूळ स्थितीत तिच्यावर बसताच येत नव्हतं. जुन्या फोमचा एक तुकडा आणि उघड्या सांगाड्याचे फोटो ठेवलेत.

फर्स्टबद्दल थोडक्यात, कारण हिच्यावर थोडकंच बसणं होतं. ही खरी मेम्फिस. मेम्फिस हा मिलानमधल्या डिझायनरांचा गट. डिसेंबर १९८० मध्ये त्यांचा म्होरक्या एत्तोरे सोत्सास याच्या मिलानच्या घरी मंडळी जमली, सप्टेंबर १९८१ मध्ये पहिलं प्रदर्शन झालं, आणि सुतारानं किचन ओट्याखाली लावायचा सनमायका दिवाणखान्यात ऐटीत बसला. सोत्सास १९६१ मध्ये भारत फिरून गेला होता. मेम्फिसच्या भडक रंगांचं मूळ इथं आहे असा दावा मी करणार नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या एकालाही ते रंग खटकत नाहीत, हे मात्र बघितलंय.

फर्स्ट १९८३ ची. स्टीलच्या नळीचं मोठं कडं, त्यावर पाठीला निळी तबकडी आणि हात टेकायला दोन काळे गोळे. दिसते झकास. शेजारच्या काकू म्हणाल्या, “गॅदरिंगच्या नाटकातलं वाटतंय”, आणि त्यात काही चूक नाही. तबकडी पाठीला एकाच जागी लागते, गोळ्यांवर कोपर ठरत नाही, चहाचा कप ठेवायचा प्रश्नच नाही. बूट घालायला, मोज्यांची जोडी शोधत बसायला उत्तम. ह्याच दे लुक्कीनं पुढं १९८७ मध्ये ‘तोलोमेओ’ हा टेबललॅम्प केला, जो जगभर वापरतात, तेव्हा त्याला सोय कळत नव्हती असं नाही. इथं त्याला सोय करायचीच नव्हती.

एका गोळ्याचा रंग उडाला होता. मिरजेत सतारमेकर गल्लीत नेला, म्हटलं लाकडाच्या पॉलिशमध्ये यांचा हात कोण धरणार. त्यांनी नखानं खरवडून बघितलं आणि परत दिला: “हे आमचं लाखेचं काम न्हवं. हा गाडीचा रंग. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं जावा.” गेलो, आणि बरोबर निघालं. मिरज रोडच्या गॅरेजमध्ये एका मोटारीच्या बंपरबरोबर तोही भट्टीत वाळला.

खरेदीबद्दल दोन-चार गोष्टी. फर्स्ट आजही नवी बनते, त्यामुळे ‘मेम्फिस मिलानो’ची पट्टी दिसली म्हणजे नग ऐंशीच्या दशकातलाच, असं समजू नका. पट्टीबरोबर स्क्रू, वेल्डिंग आणि खालच्या बाजूची झीज बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये गायक डेव्हिड बोवीचा संग्रह लंडनला लिलावात निघाला, त्यात मेम्फिसची बरीच कामं होती, आणि तेव्हापासून या नावाला वेगळाच भाव चढलाय. सेकोंदाला तसं ग्लॅमर नाही, म्हणून ती मला एका बऱ्यापैकी नव्या ऑफिस-खुर्चीच्या दरात पडली. विंकला त्याच्या कितीतरी पट गेले, वर कुशनवाला वेगळा. फोटो मागवताना समोरून देखणा फोटो नको, खालून आणि चेन उघडून आतला मागा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला की विषय संपला.

परदेशातून मागवायचा खटाटोप कशाला, असं मित्र विचारतात. उलट बाजूनंही माल जातोच की. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या मंडपवाल्याची लोखंडी खुर्ची २०२१ मध्ये मँचेस्टरकडच्या एका हॉटेलाबाहेर दिसली आणि तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. भंगाराच्या भावात गेलेली, पाठीवर मालकाचं नाव देवनागरीत तसंच. एवढा प्रवास करून ती उभी होती कारण ती लोखंडाची होती. फोमची असती तर मुंबई बंदरापर्यंत पोचली नसती.

पुढचा नग म्हणून गाएतानो पेशेची ‘अप’ एकानं देऊ केली होती, १९६९ ची, सगळी फोमचीच. बघायलाही गेलो नाही. फिलिप स्टार्कची ‘कोस्तेस’ मात्र मनात आहे. १९८४ ची, पॅरिसच्या कॅफेसाठी केलेली, वाकवलेल्या प्लायवूडची, तीन पायांची. फोम असलाच तर बैठकीपुरता, तो आमचा कुशनवाला अर्ध्या दिवसात बदलून देईल. प्लायचे पदर खालच्या कडेला सुटलेत का, ते दिसेल असा फोटो विक्रेत्याकडे मागितलाय. त्यानं अजून समोरूनच पाठवलेत.